स्लॅबखालची कतला

बोरगाव मेघे
३ नोव्हेंबर

ताई,

शेतातल्या विहिरीत एक कतला मासोळी उरली आहे. ती इतकी वाढली आहे की विहिरीवरच्या स्लॅबच्या भोकातून निघणार नाही, आणि ती निघाल्याशिवाय बाबा शेत सोडायला तयार नाहीत. इकडे डॉक्टरांनी त्यांना पेसमेकर बसवायला सांगितलं आहे. नाडी फार हळू चालते, मधेच चक्कर येऊन पडतात. ऑपरेशनची तारीख घेतली होती, ती त्यांनी मोडली.

एवढ्यासाठी लिहितो आहे. व्हॉट्सॅपवर तू मला बंद केलं आहेस, म्हणून मेल. हा पत्ता जुना आहे. तू तो अजून बघतेस की नाही, माहीत नाही.

तू आणि बाबा धरणावरून पिशवीत माशांची बोटुकली आणली होती, तू कॅनडाला जायच्या आधीच्या पावसाळ्यात. पाणी चांगलं राहतं म्हणून. त्यातलीच ही. तू गेलीस त्याच उन्हाळ्यात रानातला एक रोही विहिरीत पडला. वनखात्याची माणसं दोर घेऊन येईपर्यंत तो पोहून पोहून थकला होता, बाहेर काढल्यावर मेला. बाबांना ते सहन झालं नाही. त्यांनी विहिरीवर स्लॅब टाकून घेतला आणि मधोमध पाइपापुरतं, बादलीपुरतं चौकोनी भोक ठेवलं. मासे तेव्हा वीतभर होते. तू नंतर एकदाच आलीस, तेव्हा स्लॅबवर कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, त्यामुळे तुला दिसला नसेल. बाकीचे मासे काही मेले, काही धुऱ्यापलीकडच्या शेतातल्या नत्थूजींनी खाल्ले. ही एक राहिली. बाबा रोज सकाळी भोकापाशी पालथे पडून तिला सरकीची ढेप घालतात. ती वर येते, हातातून खाते.

आता नवा रस्ता रुंद होतोय आणि विहीर त्यात गेली. महिनाअखेर मुरूम टाकून बुजवणार. पाणी उपसावं म्हटलं तर कॅनॉल सुटला आहे, जेवढं उपसलं तेवढं पाझरून येतं. स्लॅब फोडावा तर त्याला तडे गेलेत. घण मारला की अख्खा आत जाईल, खाली मासा.

मी बाबांना म्हटलं, "तुमी आधी ऑपरेशन करून या, मंग पाहू मासोळीचं."

"मंग म्हंजे मुरूम पडल्यावर?"

"एका मासोळीसाठी जीव घालता का?"

"मी कायले जीव घालतो? थे निंगन, मंग मी निंगतो. सीधी गोष्ट हाय."

शनिवारी कॉलेजच्या ऑफिसातून सुटलो की मोटरसायकलने गिरडकडे शेतावर जायचं, रविवारी संध्याकाळी परत, सोमवारी पुन्हा टेबलावर. मधल्या दिवसांत नत्थूजींचा फोन वाजला की हातातलं काम टाकून बाहेर पळतो.

मावशीच्या समीक्षाने दिवाळीत मला तुझा एक फोटो दाखवला. गोठलेलं तळं, बर्फाला एक गोल भोक, आणि तू गुडघ्यावर बसलेली, मांडीवर आडवा मासा. मासा भोकापेक्षा मोठा दिसतो. मी फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. एवढा मासा एवढ्याशा भोकातून तू जिवंत कसा काढलास? तेवढं कळव. बाकी काही विचारत नाही.

धनंजय


बोरगाव मेघे
९ नोव्हेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. आम्ही आमच्या डोक्याने केलं आणि बिघडवून ठेवलं.

नत्थूजींनी गळ आणला. कणकेचा गोळा लावून भोकातून सोडला. बाबांना मी मुद्दाम घरात बसवलं होतं. ती लगेच लागली. तिला माणसाची भीतीच नाही, हाच तिचा घात. नत्थूजींनी ओढायला सुरुवात केली, मीही दोर धरला. खाली काय वजन आहे ते तेव्हा हाताला कळलं. ती एकदम विहिरीच्या कडेकडे पळाली, दोर भोकाच्या कोपऱ्यावर घासला आणि तुटला. गळ तिच्या ओठातच राहिला, वर हात-दोन हात दोर लटकत.

बाबा केव्हा मागे येऊन उभे राहिले, आम्हाला कळलं नाही. भोकापाशी पालथे झाले, पाण्यावर तळवा मारला. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. ढेप भिजून पाण्यावर तरंगत राहिली.

मला म्हणाले, "तुमी दोघं मिळून हे केलं का?"

बाबांची तब्येत बरी आहे, असं मी लिहिणार होतो. ती बरी नाही. काल नत्थूजींना ते बांधावर पडलेले सापडले. डोळे उघडल्यावर म्हणाले, झोप लागली होती. भर उन्हात बांधावर कोणाला झोप लागते?

पौर्णिमा म्हणते, सरळ गाडीत घालून आणा. आमच्या दोघांच्या संसारात तिची शाळेतली नोकरी, माझं ऑफिस, त्यात हे. तिचं चुकत नाही. मी तसा प्रयत्न केला. बाबांनी खाटेचा पाय धरून ठेवला. सत्तरी ओलांडलेल्या बापाची बोटं सोडवायची कशी, सांग. मी सोडून दिलं आणि परत आलो.

तू आमच्याशी का बोलत नाहीस, हे मला माहीत आहे. आई गेली तेव्हा विमानं बंद होती. घाटावर मला दिसेल असा फोन सुरू ठेवा, एवढंच तू म्हणाली होतीस. फोन पौर्णिमेच्या हातात होता. बाबांनी तो घेऊन खिशात टाकला. मी तिरडीच्या पुढे होतो, मला घाटावर पोहोचल्यावर कळलं. हे मी तुला आधीही लिहिलं आहे. तू वाचलं की नाही, कळायला मार्ग नाही. आता त्यावर पुन्हा पुन्हा लिहायची ताकदही उरलेली नाही. आज फक्त माशाचं विचारतो.

धनंजय


बोरगाव मेघे
१२ नोव्हेंबर

ताई,

तुझी मेल आली. ऑफिसात उघडली. समोर परीक्षेचे फॉर्म घेऊन पोरं उभी होती, त्यांना म्हटलं, थांबा जरा.

वर 'धनू' नाही, खाली तुझं नाव नाही. "भोक किती रुंद, पाणी किती खाली, स्लॅब किती जाड, ते कळव. दोराने ओढू नका. विहिरीत कोणीही उतरू नका, बंद विहिरीत हवा खराब असते." एवढंच. मी ते पौर्णिमेला दाखवलं. ती म्हणाली, "नर्सबाई पेशंटची माहिती विचारताहेत असं वाटतं." मग म्हणाली, "पण विचारलं तरी."

तर माहिती अशी. भोक दीड वीत, चौकोनी, कडा खडबडीत. पाणी हातभर खाली आहे. पालथं पडून हात घातला तर बोटं बुडतात. कॅनॉल बंद झाला की उतरेल. स्लॅब चार बोटं जाड असेल, एका बाजूने आरपार तडा. मासा माझ्या अंदाजाने कमरेइतका लांब, आणि पोटाला जाड.

उतरायचं खूळ बाबांच्याच डोक्यात होतं. म्हणत होते, शिडी लावा, मी जातो. काल रजा टाकून शेतावर गेलो, तेव्हा तू लिहिलेलं वाचून दाखवलं.

"कोनं लिवलं?"

"ताईनं."

ते उठून गोठ्याकडे गेले. पण शिडीचं पुन्हा बोलले नाहीत.

तू विचारलं नाहीस, तरी एक सांगतो. ती अजून वर येत नाही, पण बाबांनी ढेप टाकणं सोडलेलं नाही.

धनंजय


वर्धा, दवाखाना
१७ नोव्हेंबर

ताई,

मासा निघाला. बाबा इथे भरती आहेत, शुद्धीवर आहेत, उद्या पेसमेकर बसवणार आहेत. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

मापं कळवल्यावर तुझी जी लांबलचक मेल आली, ती मी छापून घेतली होती. काल सकाळी पौर्णिमाही शेतावर आली. तिच्या माहेरी मासा शिजतही नाही, मासळीबाजारावरून जाताना ती पदर नाकाला लावते. ती म्हणाली, मी फक्त वाचून दाखवीन.

तू लिहिलंस तसं भोक वाढवलं. घण नाही. मिस्त्रीकडून मशीनने एक बाजू कापून घेतली. खाली ओलं पोतं ताणून धरलं, म्हणजे तुकडे पाण्यात पडू नयेत. अडीच वीत झालं. कडांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. नत्थूजींनी गोठ्याचं दार काढून आणलं, ते आणि दोन लांब फळ्या विहिरीच्या काठापासून काठापर्यंत आडव्या टाकल्या. प्रत्येकाच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक कडुनिंबाला.

पौर्णिमा वर्गात उभी राहते तशी कागद धरून उभी. "'पातळ बर्फावर कोणी उभं राहत नाही. आडवं व्हायचं, वजन पसरवायचं.' नत्थूजी, तुम्ही उभे आहात."

"मी तं फळीवर हाव बाई."

"फळीवरही आडवे व्हा."

नत्थूजी मुकाट आडवे झाले.

बाबांचं धोतर ओलं करून, चारी कोपऱ्यांना दोर बांधून, दगडाच्या वजनाने पाण्यात सोडलं. दोन दोर नत्थूजींकडे, दोन माझ्याकडे. मी भोकापाशी पालथा. बाबांना कडुनिंबाखाली खाटेवर बसवलं होतं आणि उठायचं नाही असं बजावलं होतं. मी ढेप टाकली, पाण्यावर तळवा मारला. काही नाही. पुन्हा मारला. खाली अंधार, आणि शेवाळाचा वास. माझी मान अवघडली, ऊन वर आलं. नत्थूजी म्हणाले, "मेली तं नसन?" मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

मग बाबांच्या वहाणांचा आवाज आला.

"हट. तुह्या हाताले थे येत नाई."

"बाबा, डॉक्टरनं वाकू नका म्हटलं हाय."

"डॉक्टरले वळखते का थे?"

मी पौर्णिमेकडे पाहिलं. तिनेच अडवावं असं मला वाटत होतं, खरं सांगतो. तिने कागदाकडे पाहिलं, जसं काही तिथे उत्तर लिहिलेलं आहे. नत्थूजी म्हणाले, "येऊ दे रे धनू. कमरले दोर बांधू न त्याईच्या." मी माझ्या कमरेचा दोर सोडून बाबांच्या कमरेला बांधला. दोन गाठी मारल्या.

ते पालथे झाले. दंडापर्यंत हात आत घातला, पाण्यावर तळवा मारला आणि हाक मारली, "ये वं माय. ये. उपाशी हायेस तू."

ती आली, ताई. आधी पाणी फुगल्यासारखं झालं, मग तिचं तोंड दिसलं. ओठात गळ तसाच, शेजारी सुजून पांढरं पडलेलं, आणि तो तुटका दोर तिच्यामागे लोंबत होता. बाबांनी तिला ढेप दिली. ती खात असताना त्यांनी दुसऱ्या हाताने तो दोर हळूच धरला.

पौर्णिमा वाचायला लागली. "'दोराने मासा वर येत नाही. दोराने तो फक्त भोकाखाली येतो. वर आणायचा तो हातांनी. वळली तर वळू द्या. भोकाच्या कडेपाशी झगडायचं नाही.'"

दोर ताणल्याबरोबर ती वळलीच. सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडालं. माझ्या तोंडून निघालं, "धरा, धरा!" बाबांनी धरलं नाही. बोटांमधून दोर जाऊ दिला, टोकापाशी थांबवला, आणि पुन्हा हळू हळू जवळ आणला. ती पुन्हा गेली. पुन्हा आणली. घाई नाही, राग नाही. ह्या माणसाला मी जन्मात कधी इतकं सबुरीने वागताना पाहिलं नव्हतं. मनात आलं, ही सबुरी आमच्या वाट्याला आली असती तर. पण ते जाऊ दे.

शेवटी ती दमली. डोकं सरळ वर, भोकाच्या मधोमध आलं. केवढं डोकं, ताई! तोंड उघडलं तर वाटी मावेल.

"'डोकं भोकात आलं की थांबायचं नाही,'" पौर्णिमा जवळजवळ ओरडलीच. "'डोकं आलं की अंग येतं.' ओढा!"

आम्ही दोघांनी धोतर वर घेतलं. बाबांनी दोर सोडून दोन्ही ओले हात तिच्या कल्ल्यांमागे घातले, डोळ्यांना न लागू देता, तू लिहिलंस तसंच. ती निम्मी वर आली. पोटापाशी जरा अडली. मी म्हटलं, "बाबा, थोडं तुमच्याकडे घ्या." त्यांनी घेतलं नाही. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग त्यांचे हात सैल पडताना दिसले, आणि कपाळ हळूच भोकाच्या कडेला टेकलं.

माझ्या हातात धोतराचे दोन दोर होते. ते मी सोडले. विचार करून सोडले नाहीत, सुटले. बाबांच्या कमरेचा दोर धरून त्यांना मागे ओढलं, बगलेत हात घालून काठावर आणलं. मागे काय झालं ते मला दिसलं नाही. फक्त नत्थूजींचा आवाज, "गेली! गेली!" आणि मग पौर्णिमेचा, "धरली! मी धरली!"

मी वळून पाहिलं. कागद उडून गेला होता. पौर्णिमा फळीवर पालथी पडली होती आणि तिने माशाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. गाल त्याच्या खवल्यांना लागलेला. ती त्याला ओरडत होती, "हलू नकोस! अजिबात हलू नकोस!" चौथीच्या पोरांना ओरडते तशी. नत्थूजींनी खालून धोतर सावरलं आणि दोघांनी मिळून ती अख्खी बाहेर घेतली.

बाबांचं तोंड राखेसारखं झालं होतं. मी छाती चोळत होतो, हाका मारत होतो. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग डोळे उघडले.

"निंगाली का?"

"निंगाली."

"जित्ती हाय?"

मी मान वळवून पाहिलं. नत्थूजी तिला पाण्याच्या ड्रममध्ये सोडत होते. शेपटी आपटल्याचा आवाज आला.

"जित्ती हाय, बाबा."

मासा तलावात न्यायला छोटा हत्ती टेम्पो आधीच सांगून ठेवला होता. मागे ड्रम, ड्रमशेजारी गादीवर बाबा. मी ड्रायव्हरला म्हटलं, थेट वर्धा. बाबांनी ड्रमची कड धरली. "पयले तलाव." मी खवळलो. म्हटलं, आता पुरे झालं, ड्रम इथेच उतरवतो. तेव्हा पौर्णिमा म्हणाली, "अहो, तलाव वाटेवरच आहे. इथे भांडत बसण्यापेक्षा लवकर होईल." तिच्या साडीभर चिकट झालं होतं, केसात खवले. तिच्यापुढे मी काय बोलणार?

तलावावर नत्थूजींनी पकडीने गळ काढला. मी तिला घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेलो. सोडली तर ती एका कुशीवर कलंडली. मला वाटलं, झालं, एवढं करून मेली. बाबा गाडीतून पाहत होते. मग तुझं शेवटचं वाक्य आठवलं, सोडून देऊ नका, सरळ धरून ठेवा, ती स्वतः हात सोडवून घेईल. मी एक हात पोटाखाली, एक शेपटीपाशी धरून उभा राहिलो. कल्ले उघडत होते, मिटत होते. डॉक्टर, ऑफिस, रस्ता, सगळं काठावर थांबलं होतं आणि मी पाण्यात मासा धरून उभा. मग शेपटीला जोर आला. तिने एक झटका दिला आणि गेली.

मी लगेच बाहेर आलो नाही. बाबा गाडीत, जीव टांगणीला, आणि माझे पाय पाण्यातून निघेनात. सगळ्याचा कंटाळा आला होता, ताई. कोणी काही मागू नये, कोणाला काही होऊ नये, असं पाण्यात नुसतं उभं राहावं, एवढंच वाटत होतं. पौर्णिमेने हॉर्न वाजवला तेव्हा निघालो.

इथे नर्सने विचारलं, पेशंटला वास कशाचा येतोय? पौर्णिमेने केसातला एक खवला काढून मुठीत लपवला.

आता बाबा झोपले आहेत. मशीनवर ठोके दिसतात, हळू आहेत, पण आहेत. तुझ्या कागदामुळे झालं, असं मी लिहिणार होतो. ते खोटं नाही.

धनंजय


बोरगाव मेघे
४ डिसेंबर

ताई,

बाबा आमच्याकडे आहेत. पेसमेकर बसला, टाके निघाले. डावा हात वर करायचा नाही असं सांगितलं आहे, म्हणून तोच हात मुद्दाम वर करतात. जिने चढून गच्चीवर जातात आणि म्हणतात, इथून काहीच दिसत नाही. त्यांना काय दिसायला हवं आहे, ते मी विचारत नाही.

विहीर बुजली. मी गेलो नव्हतो, नत्थूजींनी फोनवर सांगितलं. बाबांनी विचारलं, मासोळी दिसली का? नत्थूजी म्हणाले, दिसली, परवाच काठापाशी आलती. आता ते दर फोनला दिसली म्हणतात. खरं की खोटं, मी खोदून विचारलेलं नाही. एवढ्या मोठ्या तलावात एक मासा कोणाला कसा दिसेल? पण बाबांचं जेवण त्या दिवशी नीट होतं.

पौर्णिमेला शाळेत सगळ्यांनी ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली. आधी लाजत होती. आता तिच्या सांगण्यात मासा दर वेळी थोडा वाढतो.

तुझी मेल परवा आली. "बाबा कसे आहेत? इथे तळी गोठायला लागली." मी तेवढंच बाबांना वाचून दाखवलं. ते पोहे खात होते, खात राहिले. बशी ठेवली, हात धुतले, आत जाऊन पडले. मी मनात म्हटलं, संपलं. पुन्हा काही वाचून दाखवायचं नाही.

आज दुपारी मला जवळ बोलावलं. ऑफिसला सुट्टी होती. मी लोळत पडलो होतो, उठायचं जिवावर आलं होतं.

"तिकडं बर्फ किती जाड असते?"

"मले काय माहीत, बाबा."

"अन् फुटला तं?"

"लोकं पाहून जात असतीन."

"लोकाईचं नाई विचारून राह्यलो मी."

मग म्हणाले, "तिच्यासंगं कोन असते?"

तू एकटी राहतेस का, कोणासोबत राहतेस, तळ्यावर तुझा तो फोटो कोणी काढला, मला काहीच माहीत नाही. मी तसं सांगितलं.

"मंग विचार तिले."

"तुमीच विचारा. लावू का फोन?"

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पण मी उठायला लागलो तर म्हणाले, "बस. तू लिव. मी सांगतो."

मी मोबाइल काढला. त्यांनी घसा खाकरला. इतका वेळ घेतला की स्क्रीन विझला, मी पुन्हा लावला. शेवटी म्हणाले, "बर्फ पक्का झाल्याबिगर जाऊ नको म्हना तिले."

मी लिहिलं. वाट पाहिली. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"एवढंच का, बाबा?"

"एवढंच." मग कुशीवर वळले, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, झोपले. मी उठलो, दारापाशी गेलो, तेव्हा मागून आवाज आला. मी आहे तसं लिहितो.

"अन् कोन असते तुह्यासंगं, थे कळवजो."

धनंजय